अमावस्येला पब्लिश बंद

नांदेड, ३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय शिवशंकर सर,
(प्रत माहितीसाठी: रामलिंग सर, मालक)

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर विषय काढला तर तुम्ही "जे काय असेल ते लेखी द्या" म्हणून फोन ठेवला. माझे बाबा पोस्टात होते. लेखी द्यायला आमच्या घरात कुणी घाबरत नाही, तेव्हा देते.

नांदेडची शाखा सुरू होऊन आठ महिने झाले. आम्ही तिघं इथे हळदीच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. या आठ महिन्यांत मी सगळ्यात जास्त कुठलं काम केलं असेल तर ते म्हणजे लातूरहून तुमच्या फोनची वाट बघणं.

रामलिंग सरांनाही कळावं म्हणून अडचण साध्या शब्दांत सांगते. आपल्या कंपनीचे नऊ प्रोजेक्ट आहेत: डाळमिल, तेलमिल, शाळा, पतसंस्था, आमची हळद वगैरे. या सगळ्यांत काही भाग तेच ते लागतात, जसं पावती छापणारा भाग किंवा मराठी तारीख दाखवणारा भाग. असा भाग एकदा तयार करून लातूरच्या सर्व्हरवर ठेवायचा आणि बाकीच्यांनी तिथून उचलायचा, याला आपण पब्लिश करणं म्हणतो. कुठला भाग कुठून उचलायचा, कसा जोडायचा आणि तयार झाल्यावर कुठे ठेवायचा, हे ज्या फाइलीत लिहिलेलं असतं ती बिल्डची फाइल.

आता गंमत अशी की नऊ प्रोजेक्टच्या नऊ बिल्ड फाइली आहेत, एकेक चारशे बारा ओळींची, आणि त्या एकमेकींच्या नकला आहेत. नक्कल करताना मधलं कुणी वाचलेलं दिसत नाही. उदगीरकडच्या एका शाळेच्या दाखल्याखाली वर्षभर "माल तपासून घेणे, नंतर तक्रार चालणार नाही" असं छापून येत होतं, कारण शाळेची फाइल डाळमिलच्या फाइलीवरून उतरवलेली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाक्य राहू द्या म्हटलं, हा भाग वेगळा.

पावतीत एक स्वल्पविराम बदलला तरी नऊ फाइलींत नऊ ठिकाणी व्हर्जनचा आकडा बदलावा लागतो. आणि पब्लिश होतं फक्त तुमच्या लॅपटॉपवरून, कारण पासवर्ड फक्त तुमच्याकडे.

माझं म्हणणं एवढंच आहे. तो चारशे ओळींचा पसारा एकाच ठिकाणी, एकदाच ठेवू. प्रत्येक प्रोजेक्टने फक्त आपलं नाव आणि आपल्याला काय लागतं ते दहा ओळींत सांगावं. आणि पब्लिश कुठल्याही शाखेतून, कुणालाही करता यावं. यामुळे शिवशंकर सरांचे रोजचे साडेतीन तास वाचतील.

आपली,
विशाखा


लातूर, ६ नोव्हेंबर २०२५

विशाखा मॅडम,

नमस्कार. आपला अर्ज मिळाला. दोनदा वाचला, एकदा काम म्हणून आणि एकदा चहाबरोबर करमणूक म्हणून.

फाइली मोठ्या आहेत, मान्य. पण मॅडम, त्या अशाच मोठ्या झालेल्या नाहीत. एकेक ओळ एकेक तमाशा झाल्यावर पडलेली आहे. अठ्ठ्याऐंशीवी ओळ निलंग्याच्या तेलमिलचा संगणक तीन दिवस बंद पडला तेव्हाची. दोनशे बाराव्या ओळीवर बिल्ड चार मिनिटं नुसतं थांबतं. ती ओळ काढली तर काय होईल ते मला माहीत नाही आणि मला बघायचंही नाही. माझ्या आधी संगप्पा हे काम बघायचे. त्यांनी जाताना हात जोडून सांगितलं होतं, "बाकी कायबी कर, पण दोनशे बाराला हात लावू नको."

तुम्ही आठ महिन्यांपूर्वी आलात. मी नऊ वर्षं ही फाइल सांभाळतोय. दहा ओळींत काम होतं असं ज्याला वाटतं त्याने अजून डाळमिलवाले बघितलेले नाहीत.

पासवर्डबद्दल: तो माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील.

आणि एक. साडेतीन तास वाचतील हे वाक्य मालकांच्या प्रतीत नसतं तर बरं झालं असतं. रामलिंग सर स्वतः डाळमिल चालवून या धंद्यात आलेले आहेत. चाळणीतून काय खाली पडतं याच्याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

आपला,
शिवशंकर


नांदेड, १० नोव्हेंबर २०२५

शिवशंकर सर,

नमस्कार. ही प्रत मालकांना पाठवलेली नाही. का ते शेवटी कळेल.

शनिवार-रविवार बसून मी नऊच्या नऊ फाइली शेजारी शेजारी लावून वाचल्या. तीनशे चाळीस ओळी सगळीकडे हुबेहूब त्याच आहेत. वीस-बावीस ओळी अशा आहेत की ज्या गावाला आपण जायचंच सोडून दिलंय त्या गावची पाटी. पतसंस्थेच्या फाइलीत "तूर" हा शब्द अकरा वेळा आहे. ते ठीक आहे.

पण ३०१ ते ३३७ या ओळींत काय आहे, सर? तिथे सदतीस तारखा आहेत. पहिली २१ जानेवारी २०२३, शेवटची १९ डिसेंबर २०२५. त्यातल्या कुठल्याही तारखेला पब्लिश करायला गेलं तर बिल्ड अडतं आणि "आज होणार नाही" एवढंच सांगतं. कारण काही सांगत नाही. आणि १९ डिसेंबरनंतर यादी संपते.

मी खूप विचार केला. तारखांमध्ये कधी एकोणतीस दिवस आहेत, कधी तीस. पगाराच्या तारखा नाहीत, सुट्ट्या नाहीत, गिऱ्हाइकांच्या करारांच्याही नाहीत. मग मला एकच अर्थ लागला आणि तो लिहायला जड जातंय. महिन्यातून एकदा बिल्ड मुद्दाम बंद पडावं, सगळ्यांनी तुमच्या नावाने हाका माराव्यात आणि १९ डिसेंबरला ते कायमचं बंद पडावं, अशी ही व्यवस्था आहे का? म्हणजे तुम्हाला कुणी हात लावू नये म्हणून?

तुम्ही असं कराल असं मला वाटत नाही. पण दुसरं काही सुचतही नाही. खुलासा करावा.

विशाखा


लातूर, १२ नोव्हेंबर २०२५

विशाखा मॅडम,

तुमचं पत्र वाचून इतका हसलो की शेजारच्या टेबलावरची शिल्पा पाणी घेऊन आली.

मॅडम, घरात कॅलेंडर आहे का? भिंतीवरचं, कागदाचं? ते काढा आणि त्या सदतीसपैकी यंदाच्या तारखांवर बोट ठेवत जा. प्रत्येक चौकोनात एक काळा गोळा दिसेल.

अमावस्या आहेत त्या.

नऊ वर्षांत माझ्यावर पुष्कळ आरोप झाले, पण घातपाताचा पहिलाच. बॉम्ब लावायची अक्कल असती तर मी इथे पावत्यांचे स्वल्पविराम बदलत बसलो असतो का?

अमावस्येला इकडं कुणी नवीन वस्तू घेत नाही, मोंढ्यातल्या बाजारात सौदा निघत नाही, मग नवीन व्हर्जन कोण घेणार? म्हणून त्या दिवशी पब्लिश बंद. मालकांचाच तसा हुकूम आहे. तीन वर्षांची यादी मी पंचांगावरून एकदमच भरून ठेवलेली आहे. शेवटची १९ डिसेंबर म्हणजे तर साधीसुधी अमावस्या नव्हे, आमची येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात कुत्रं दिसणार नाही, सगळी माणसं शेतात जेवायला. नांदेड शहरात त्याचं एवढं नसेल, पण लोहा तालुक्याच्या पलीकडं कुणालाही विचारा.

तुमच्यासारख्या हुशार बाईला सदतीस अमावस्या ओळखू आल्या नाहीत याचं मात्र नवल वाटलं.

शिवशंकर


नांदेड, १३ नोव्हेंबर २०२५

शिवशंकर सर,

लाज वाटली. माफ करा.

आमच्या घरी पौर्णिमा पाळतात. आई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते आणि आम्हालाही ओढून नेते. पौर्णिमांची यादी असती तर मी झोपेत ओळखली असती. अमावस्येशी आमची कधी ओळखच झाली नाही. बाबा तर पोट धरून हसले. म्हणाले, "पंधरा दिवसांनी चुकलीस."

मालकांचा नियम आहे म्हटल्यावर तो नव्या फाइलीतही असायला हवा. तो कसा ठेवायचा ते मी रामलिंग सरांनाच विचारून घेते, म्हणजे तुम्हाला त्रास नको.

विशाखा


लातूर, १५ नोव्हेंबर २०२५

विशाखा मॅडम आणि शिवशंकर, दोघांनाही,

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला. कुठला अमावस्येचा नियम? मी अमावस्या पाळत नाही. मिल होती तेव्हा मशिनी मी अमावस्येलाच घ्यायचो, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसतं, भाव पाडून मिळतो. असला हुकूम मी दिलेला नाही. आपला सर्व्हर महिन्यातून एकदा मेंटेनन्सला जातो एवढं मला शिवशंकरने सांगितलेलं आहे. आता कळलं कुठला मेंटेनन्स.

तुमचं पहिलं पत्रही परत वाचलं. शिवशंकरचे रोज साडेतीन तास वाचणार असतील तर माझा साधा प्रश्न आहे, मग तो दिवसभर काय करणार? याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

तरी १८ डिसेंबरपर्यंत बिल्ड आणि पब्लिशचं सगळं काम पासवर्डसकट नांदेडकडे द्यावं. शिवशंकरच्या जागेचं १ जानेवारीला बघू.

रामलिंग


नांदेड, १७ नोव्हेंबर २०२५

शिवशंकर सर,

मी तुमच्यावर चिडले आहे आणि स्वतःवर त्याहून जास्त.

तुम्ही मला खोटं सांगितलंत. मालकांचा हुकूम म्हणालात आणि मी ते खरं मानून मालकांनाच विचारायला गेले. म्हणजे तुमचं खोटं मालकांसमोर मीच उघडं पाडलं. एवढं साधं खोटं होतं तर आधी कानात तरी सांगायचं होतं. मी गप्प राहिले असते.

आणि ते साडेतीन तास. सर, शपथेवर सांगते, मला वाटलं होतं की हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. मी नांदेडात बसून रोज बघते, तुमचा मेसेज सकाळी सहाला येतो, जेवणाच्या वेळी येतो, रविवारी येतो. मला वाटलं, या माणसाला कुणीतरी सोडवायला पाहिजे. त्या एका वाक्याने तुमची नोकरी जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतकी बावळट मी आहे.

मला फक्त खरं काय ते सांगा. अमावस्येची यादी कुणी घातली आणि का?

विशाखा


लातूर, २४ नोव्हेंबर २०२५

विशाखाताई,

जय भीम. आठवडाभर उत्तर दिलं नाही कारण तीन उत्तरं लिहून खोडली. पहिल्यात तुम्हाला शिव्या होत्या, दुसऱ्यात मालकांना, तिसऱ्यात मला. तिसरं सगळ्यात लांब झालं होतं.

यादी मी घातली.

२०२२ च्या एप्रिलमध्ये माझे वडील गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला की एका मिलच्या पावतीवर स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतोय, लगेच पब्लिश पाहिजे. चाकूरपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव, घरात रेंज नाही. मी भावाची मोटारसायकल घेऊन चाकूरच्या बसस्टँडवर आलो, रसवंतीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि नऊ फाइलींत नऊ ठिकाणी आकडा बदलला. दर फाइलीला चार मिनिटं थांबलो, दोनशे बाराव्या ओळीपायी. रसवाल्याने विचारलं, "साहेब, टक्कल कशापायी?" म्हटलं, गरमी लई आहे. परत गेलो तोवर विधी उरकले होते.

त्याच वर्षी येळवसला मी शेतात लॅपटॉप घेऊन गेलो. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडलेले, सगळे हात जोडून उभे आणि मी बाजूला बसून पब्लिश करतोय. आमच्या आईने, चतुराबाईने, पांडवांना हळदकुंकू वाहिलं आणि उरलेलं माझ्या लॅपटॉपला लावलं. म्हणाली, "ह्याला बी देवच म्हणा की. माझं पोरगं ह्याच्याच म्होरं बसून ऱ्हायलंय." सगळं शिवार हसलं. मीही हसलो. घरी येऊन मोबाइलवर पंचांग काढलं आणि पुढच्या तीन वर्षांच्या अमावस्या भरल्या. महिन्यातून एक दिवस तरी मशीन स्वतःच नाही म्हणेल, मला म्हणावं लागणार नाही. मालकांपुढं मला नाही म्हणता येत नाही, ताई. एवढंच आहे ते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव मेटाकुटीला आला होता तर पासवर्ड दुसऱ्याला का दिला नाही. मी एकावन्न वर्षांचा आहे. डिप्लोमा केलाय, तोही कसाबसा. ऑफिसातली नवी पोरं जे बोलतात त्यातलं निम्मं मला कळत नाही. पण पब्लिश करायचं झालं की सगळी कंपनी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहते. ती फाइल चांगली नाही हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. पण ती दहा ओळींची झाली की मी कोण? याची मला भीती वाटते. खरंच वाटते.

पासवर्ड मी देणार नाही. १८ तारखेला मालकांनी मागितला तरी नाही. दिला की मी संपलो.

आमच्या घरचा नमस्कार: शरणु शरणार्थी.

शिवशंकर


नांदेड, ८ डिसेंबर २०२५

शिवशंकर सर,

जय भीम आणि शरणु. (हे बाबांना विचारून लिहिलंय. चुकलं असेल तर रागवा.)

पासवर्ड मागायला हे पत्र नाही. निश्चिंत वाचा.

पहिलं म्हणजे संगप्पांचा पत्ता लागला. औशाला मोटारपंपाचं दुकान टाकलंय त्यांनी. फोन करून विचारलं, दोनशे बाराव्या ओळीवर चार मिनिटं का थांबायचं? ओळ वाचून दाखवली. मग एवढ्या मोठ्याने हसले की मी फोन कानापासून लांब धरला. "अवो ताई, बिल्ड लावलं की मी खाली पान खायाला जायचो. माघारी येईस्तवर म्होरलं सुरू झालं तर बोंब. म्हणून चार मिनिटं. अजून हाय का ती ओळ? मंग माझं पान चालूच हाय म्हणा की!"

नऊ फाइली, चार-चार मिनिटं. दिवसाची छत्तीस मिनिटं तुम्ही नऊ वर्षं संगप्पांच्या पानासाठी थांबत आलात, सर. रसवंतीवरसुद्धा.

दुसरं, नवीन फाइल झाली. सगळ्यांना लागणारं एका जागी ठेवलंय. हळदीच्या प्रोजेक्टची बिल्ड फाइल आता नऊ ओळींची आहे, शाळेची आठ. पण ही फाइल मी एकटीने केलेली नाही. तुमची अठ्ठ्याऐंशीवी ओळ मी फालतू म्हणून काढली आणि दुसऱ्याच मिनिटाला तेलमिलचं प्रोजेक्ट उताणं पडलं. परत ठेवली. अशा एकवीस ओळी निघाल्या ज्या तुम्ही मार खाऊन शिकलेल्या आहात. त्या प्रत्येकीपुढे ती का आहे ते लिहायला हवं आणि ते तुमच्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही. जागा मोकळी सोडली आहे.

तिसरं. अमावस्येची यादी काढली. दचकू नका. सदतीस तारखांच्या जागी आता एकच ओळ आहे आणि ती पुढच्या सगळ्या अमावस्या स्वतः मोजते. कॅलेंडर बघायला नको. ओळीपुढे "घालणार: विशाखा" असं लिहिलंय. तुमचं नाव त्यात नाही.

चौथं आणि महत्त्वाचं. मालकांनी विचारलं होतं की तुम्ही दिवसभर काय करणार. मी लातूरची तक्रारींची वही शिल्पाकडून मागवून उघडली. त्रेसष्ट तक्रारी पडून आहेत, सगळ्यात जुनी दोन वर्षांची. चाकूरच्या डाळमिलमध्ये काट्याचं वजन उलटं दिसतं, औशात पावतीवर गावाचं नाव अर्धंच येतं. प्रत्येकीपुढे तुमच्याच अक्षरात एकच शेरा आहे: "वेळ मिळाल्यावर बघतो." ते त्रेसष्ट लोक दोन वर्षं तुमच्या त्या साडेतीन तासांची वाट बघतायत. ही यादी मी रामलिंग सरांना पाठवली आहे. त्यांचं उत्तर आलेलं नाही.

तुम्ही फाइलमुळे कुणीतरी आहात असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. पण हे माझं मत आहे आणि नोकरी तुमची आहे, म्हणून पासवर्डचं तुम्हीच ठरवा.

विशाखा


लातूर, १७ डिसेंबर २०२५

विशाखाताई,

एकवीस ओळींपुढे कारणं लिहिली. दोन ठिकाणी शिव्या होत्या, त्या काढल्या. संगप्पाला मीही फोन केला. त्या शिव्या काढल्या नाहीत.

मालकांनी अजून काही सांगितलेलं नाही. समोर आले की नजर चुकवून स्वतःचे बूट बघतात. १ जानेवारीला काय होईल ते होईल. पण आठ दिवस मी तुमची फाइल वाचतोय आणि एक गोष्ट लपवता येत नाही. ती चांगली आहे. मला जमली नसती याचं वाईट वाटतं आणि कुणीतरी केली याचं बरंही वाटतं. दोन्ही एकदम.

पासवर्ड देतो. इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान, मध्ये जागा नाही: येळवसलाशेतात, आणि पुढे २०१६. ज्या दिवशी हे काम माझ्याकडं आलं तो येळवसचा दिवस होता. घरची सगळी शेतात आणि मी एकटा ऑफिसात बसून पासवर्ड ठरवत होतो. दुसरं काही सुचलं नाही. तेव्हापासून रोज पाच-सात वेळा तेच टाइप करतोय.

परवा येळवस आहे. मी लॅपटॉप घरी ठेवून जातोय. फोनसुद्धा.

शिवशंकर


नांदेड, १९ डिसेंबर २०२५, संध्याकाळ

शिवशंकरदादा,

तुम्ही हे उद्या वाचाल. आज काय झालं ते लगेच लिहिते, नाहीतर रंग उडेल.

सकाळी साडेनऊला रामलिंग सरांचा फोन. इथल्या एका हळदवाल्याला पावतीवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात पाहिजे, आत्ताच्या आत्ता पब्लिश करा. मी तुमचा पासवर्ड टाकला. आणि बिल्ड अडलं: "आज अमावस्या आहे. उद्या या." माझीच ओळ, आणि मीच विसरले होते.

सर भडकले. "कुणी घातली ही ओळ?" म्हटलं, मी. "काढा." म्हटलं, काढायला दहा सेकंद लागतील, पण मी काढणार नाही. गेले कितीतरी दिवस तुमचं ते वाक्य माझ्या डोक्यात होतं, मालकांपुढं नाही म्हणता येत नाही. म्हणून मी म्हणून बघितलं. आभाळ पडलं नाही.

सर म्हणाले, शिवशंकरला फोन लावतो. लावला. घरात वाजत राहिला. परत लावला. अकरा वेळा लावला असं त्यांनीच नंतर सांगितलं. मग वैतागून त्यांनी थेट हळदवाल्याला फोन केला की आज जमत नाही. तो म्हणाला, "आज कोण मागतंय साहेब? अमावस्या हाय, दुकान बंद हाय. निवांत करा, पुढच्या हप्त्यात."

दुपारी सरांचा परत फोन आला. आवाज खाली आलेला होता. म्हणाले, "गिऱ्हाइकाला घाई नव्हतीच?" म्हटलं, नाही. "मागच्या वेळी?" म्हटलं, माहीत नाही, पण शिवशंकर सरांनी वडिलांच्या तिसऱ्या दिवशी जो स्वल्पविराम बदलला तो त्या मिलवाल्याने महिनाभर बघितलाही नव्हता, मी वहीत पाहिलंय. मग ते म्हणाले, "तर मग नऊ वर्षं शिवशंकर दिवसरात्र काय करत होता?"

मी म्हटलं, "तुमचे फोन उचलत होते, सर."

मला वाटलं, आता माझीच १ जानेवारी. मग त्यांनी विचारलं, "त्या त्रेसष्टमध्ये चाकूरचा डाळमिलवाला आहे ना? उलट्या वजनाचा? तो मला एका लग्नात शिव्या देत होता. १ तारखेपासून शिवशंकरला तिकडंच पाठवा. त्रेसष्ट संपेपर्यंत त्याला ऑफिसात दिसू देऊ नका." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ती अमावस्येची ओळ राहू द्या. पौर्णिमेची मात्र घालू नका, मी तुम्हाला ओळखून आहे."

पासवर्ड मी बदलला आहे. तुमचा परत टाइप करायला मला मन झालं नाही. तो आता तुम्हाला लागणारही नाही.

विशाखा


चाकूर, २० डिसेंबर २०२५

विशाखाताई,

जय भीम. आज सकाळी स्टँडवर येऊन पुतण्याच्या फोनवर तुमचं पत्र वाचलं. रसवंतीवालाच होता. साडेतीन वर्षांनी त्याला सांगितलं की टक्कल कशापायी होतं. त्याने पैसे घेतले नाहीत.

मालकांनी अकरा वेळा फोन केला हे वाचून वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. नोकरी राहिली हे वाचल्यावर मात्र मी त्या बाकड्यावर बसलो तो पंधरा मिनिटं उठलो नाही.

आता कालची मजा ऐका. शेतात पोचलो तर आईने आधी माझा उजवा खांदा बघितला, मग डावा. "डबडं कुठाय?" म्हटलं, घरी. तिने भज्जीच्या मिश्र भाजीची पळी खाली ठेवली. "काढलं का काय कामावरनं?" म्हटलं, न्हाई. तिला ते काही केल्या पटेना. पब्लिश बंद असलं तरी मी ते सोबत न्यायचोच, नऊ वर्षांत मला रिकाम्या खांद्याचं तिने बघितलेलं नव्हतं. मी पांडवांना पाणी फिरवेपर्यंत तिने शेजारच्या तीन शेतांत सांगून टाकलं होतं की शिवशंकरची नोकरी गेली, त्याला कुणी काय बोलू नका, पोटभर वाढा.

जेवणं होईपर्यंत मला चार नोकऱ्या आल्या. एक पेट्रोलपंपावर, एक सोसायटीत, एक मळणीयंत्रावर आणि एकाने तर नुसतं येऊन बसा म्हणून सांगितलं. मी कुणालाही नाही म्हटलं नाही. ते मला अजून जमत नाही.

सारखा हात खिशाकडं जायचा. दुपारनंतर कमी झालं. संध्याकाळी शेताभोवती पेटता पेंढा घेऊन पोरं धावली, त्यांच्यामागं मीही धावलो, एकावन्नाव्या वर्षी. चप्पल तुटली.

निघताना आईने परत विषय काढला. "खरं सांग. कुणी काढून घेतलं तुझं डबडं?" म्हटलं, नांदेडला एक ताई हायत, त्यांच्याकडं गेलं काम. पण काढून न्हाई घेतलं आई. मी दिलं.

तिने आंबिलीचं गाडगं परत माझ्यापुढं सरकवलं. "मंग बस खाली आन् जेव," म्हणाली, "नऊ वर्सांचं ऱ्हायलंय."

आपला,
शिवशंकर